चौदाव्या क्रमांकाचा फणस

गिरीराज गेले तेव्हा मतदानाला आठ दिवस उरले होते. बंगळुरूजवळच्या येलहंकातल्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून ते निवृत्त झाले होते आणि नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही म्हणून विधानसभेला अपक्ष उभे राहिले होते. सूचक म्हणून मतदारयादीतल्या दहा जणांच्या सह्या लागतात. त्या त्यांनी स्वतः दारोदार फिरून मिळवल्या होत्या. चिन्ह मिळालं फणस. ‘वरून काटे, आत गोड, मास्तरांसारखंच,’ असं लोक म्हणायचे. सकाळी पत्रकं वाटून आले, पंख्याखाली बसले आणि बसल्या जागीच गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांची बायको मथुरा दीर विठोजीबरोबर निवडणूक कार्यालयात गेली. मृत्यूचा दाखला पाहून अधिकारी उभे राहिले.

“निवडणूक पुढे ढकलणार का?” विठोजीने विचारलं.

“मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार असता तर मतदान थांबलं असतं. अपक्षासाठी थांबत नाही.”

“मग नाव तरी काढा.”

“माघारीची मुदत संपलीय, अण्णा. यादी पक्की झालीय. नाव आणि फोटो यंत्रावर राहणार.”

“आणि कुणी मत दिलं तर?” मथुरेने विचारलं.

“मोजणार, अम्मा.”

“सरी, ठीक आहे,” ती म्हणाली. तिला रडू येईल असं विठोजीला वाटलं, पण तिने दाखला घडी करून पिशवीत ठेवला आणि बसस्टॉप कुठल्या बाजूला आहे ते विचारलं.

मतदानाच्या दिवशी सुतक होतं. नणंद म्हणाली, “नको जाऊस, वहिनी.” मथुरा चप्पल घालून निघाली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. रांगेतल्या बायकांनी तिला पुढे जायला वाट दिली. बोटाला शाई लागली.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे यंत्र होतं. चौदाव्या क्रमांकावर गिरीराज. फोटो पासपोर्टसाठी काढलेला, कॉलर एका बाजूला वर आलेली. ती बघत राहिली. काही वाटेल म्हणून वाट पाहिली. काही वाटलं नाही.

“अम्मा, आयता?” बाहेरून कर्मचाऱ्याने झालं का म्हणून विचारलं.

“स्वल्प थांबा.”

तिने बटण दाबलं. काचेमागे चिठ्ठी दिसली आणि आत पडली.

मोजणीच्या दिवशी सूचकांपैकी विश्वेश्वर आकड्यांचा कागद घेऊन आले. गिरीराजना चारशे सोळा मतं पडली होती. “निम्म्यांना तरी ठाऊक असणार, मास्तर नाहीत ते,” ते म्हणाले. “तरी दिली.”

मथुरेने त्यांना कॉफी दिली. ते गेल्यावर मुलगी रक्षिता कागदावरून बोट फिरवत म्हणाली, “यातलं एक तुझं.”

“माझं नाही.”

रक्षिताने वर पाहिलं.

“यंत्रावरच्या दुसऱ्या क्रमांकाच्या बाईंना दिलं. पाण्याबद्दल त्याही बोलत होत्या,” मथुरा म्हणाली. “आणि त्या जिवंत आहेत.”

“बाबांना वाईट वाटलं असतं.”

“हो. वाटलं असतं.”

रक्षिताने कागदाची घडी केली. मग तिने विचारलं, “त्या आल्या का निवडून?”

“नाही,” मथुरा म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.