पितळी कोयरी

मित्रांनो, मी एक जुना पितळी ठसा आहे. तळहातावर मावेन एवढा. माझ्या अंगात एक कोयरी कोरलेली आहे आणि तिच्या पोटात एक फूल. सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या एका साडीच्या दुकानाची ती खूण. तिथल्याच एका कारागिराने मला कोरलं आणि भिकनने त्याच्या दाबयंत्रात, वरच्या बाजूला, घट्ट बसवलं.

भिकन खानदेशातून आलेला. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं काम चाले. तो खाली कागद ठेवायचा, लोखंडी चाक फिरवायचा. मी खाली उतरून कागद दाबायचो. वर गेलो की कागदावर कोयरी उठलेली असायची. शाई नाही, रंग नाही, नुसता कागदच फुगून आलेला. दुकानाचे मालक भूपेंद्रभाई तिच्यावरून बोट फिरवून खूश होत. लग्नसराईत तर मला उसंत नसे.

मग एका दुपारी भिकनची दोन बोटं माझ्याखाली सापडली.

ती किंकाळी मी विसरलेलो नाही. भिकन दवाखान्यातून घरी आला, त्या दिवशी त्याची बायको भागीरथी यंत्रापाशी आली. तिने दोन्ही हातांनी चाक पार शेवटपर्यंत आवळलं, साखळी घातली, वर गोणपाट टाकलं. पुन्हा कोणाचा हात आत जाऊ नये म्हणून. तिचा राग मला कळत होता. पण तेव्हापासून माझं तोंड खालच्या पुठ्ठ्यावर दाबलेलंच राहिलं. उजेड नाही, वारा नाही. त्यांची मुलगी धनश्री मोठी झाली, तीही मला नुसती ऐकूनच कळली. आधी पाढे, मग कॉलेजच्या गप्पा, मग कॉम्प्युटरची टकटक.

धनश्री वेबसाइट बनवू लागली. भूपेंद्रभाईंनी आपल्या दुकानाचं काम तिला दिलं. तिचं हे पहिलंच मोठं काम. अट एकच: कोयरी कागदातून उठल्यासारखी दिसली पाहिजे. तिने एका कडेला उजेड दिला, दुसऱ्या कडेला सावली, मागे कागदाचा पोत घातला. भूपेंद्रभाई बघायला आले.

"बेन, आ तो साबूनी गोटी लागे छे," ते म्हणाले. साबणाची वडी! "कागळ क्यां छे? काल सुधी जोईए, नही तो बीजाने आपीश."

उद्यापर्यंत जमलं नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. ते गेल्यावर धनश्रीची पावलं यंत्रापाशी आली. मग माझ्यावरचं गोणपाट सरकलं.

"त्याले हात नको लावू!" भागीरथी ओरडली. "तुना बापना बोटे खादात त्यानी. आज भंगारवाला येई राहिना, लई जाऊ दे."

भंगार म्हणजे भट्टी. आणि मला तर जागचं हलताही येत नव्हतं.

"आई, एकच छाप. खरा कागद बघितल्याशिवाय मला जमणार नाही."

मग भिकनचा आवाज आला. "खोल, भागीरथी. मी शे ना आठे." मी इथे आहे ना, एवढंच त्याचं म्हणणं.

साखळी सुटली. चाक गंजलं होतं. भागीरथीनेच तेल सोडलं, पदर खोचला, जोर लावला. मी करकरत वर गेलो आणि खिडकीतला उजेड थेट माझ्या कोयरीत शिरला.

धनश्रीने चिमट्याने जाड कागद आत सरकवला.

"चिमटा बी काढी ले. दूर सरक," भागीरथी म्हणाली, आणि चाक तिने स्वतः फिरवलं.

कोयरी उठली. एक पाकळी जरा दबलेलीच राहिली. धनश्रीने कागद खिडकीशी तिरका धरला. उजेड एकाच बाजूने येत होता, सावली कुठे दाट, कुठे नुसती पुसट.

"मी सगळीकडे सारखीच सावली दिली होती," ती पुटपुटली.

तेवढ्यात दारात भंगारवाल्याची हाक आली. भागीरथीने कागदावरून हळूच हात फिरवला आणि बाहेर जाऊन म्हणाली, "आज नही, भैया."

धनश्रीने रात्रीत सावल्या बदलल्या. दुसऱ्या दिवशी भूपेंद्रभाईंनी फोनच्या पडद्यावरच्या कोयरीला उठाव चाचपायला बोट लावलं. काच लागली, तेव्हा ते मोठ्याने हसले. काम धनश्रीकडेच राहिलं.

तिला तो एक छाप पुरला. भागीरथी मला बंद करायला आली. चाक फिरू लागलं, अंधार दाटत आला, आणि ती थांबली. बोट जाणार नाही, पण कागद जाईल, एवढी फट तिने ठेवली. मग साखळी घातली.

मित्रांनो, मी अजून कैदेतच आहे. तुमच्या घरीही एखादी वस्तू भीतीपोटी बंद केलेली असेल. ती वापराच, असं मी म्हणत नाही. फक्त अधूनमधून तिला तेल द्या, तिचा गंज पुसा, आणि बंद करताना शेवटचा आटा आवळू नका.