सावडीचा क्ष

आठवीत सरांनी फळ्यावर क्ष काढला, त्या दिवसापासून मला त्याचं वेडच लागलं. जे माहीत नाही त्याला आधी नाव द्यायचं आणि मग त्याला बरोबर पकडायचं, ही युक्ती मला फारच आवडली. भाकरीच्या पिठाचं समीकरण मांडून झालं, म्हशीच्या दुधाचं झालं. पोरीला क्षची बाधा झालीय, असं माझे वडील, आबा, सगळ्या केदारखेड्यात सांगत फिरायचे.

शहाऐंशीच्या त्या खरिपात माझ्या मायला, नंदाबाईला, वेगळाच घोर लागला होता. परतूरला आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन परवावर आलं होतं आणि आजीजवळ थांबायला मायशिवाय कुणी नव्हतं. पण उद्यापासून मायला शेजारच्या भुजंगकाकांच्या रानात आठ दिवस खुरपायला जायचं होतं. ती सावडीची फेड होती.

आमच्याकडे एक बैल, भुजंगकाकांकडे एक. दोघांची जोडी जुंपायची आणि दोन्ही रानं पेरून काढायची, ही सावड. आमच्या रानाला चार दिवस लागायचे, काकांचं दोन दिवसांत उरकायचं. काकांचा बैल आमच्याकडे जास्त राबतो म्हणून माय त्यांच्याकडे खुरपायची. बैलाच्या एका दिवसाला बाईचे दोन दिवस, हा गावचा रिवाज. म्हणून चार दुणे आठ, दरसाल.

मी कोळसा घेतला आणि ओट्यावरच्या नुकत्याच सारवलेल्या भिंतीवर मांडणी सुरू केली. डावीकडे काकांच्या बैलाचे चार दिवस, गुणिले दोन. उजवीकडे मायच्या खुरपणीचे दिवस, म्हणजे क्ष. मग हात थांबला. आमचा बैलही काकांच्या रानात दोन दिवस राबला होता, तो कुठं लिहायचा? आबांना विचारलं तर म्हणाले, तो सावडीचा, तो मोजायचा नसतो. मग काकांचा कसा मोजता, असं मी विचारलं. मला रागही आला होता आणि गंमतही वाटत होती. मी लिहून टाकलं:

४ × २ = २ × २ + क्ष

क्ष चार निघाला. आबांनी भुजंगकाकांनाच बोलावून आणलं. काकांनी बोटांवर मोजून पाहिलं, हसले आणि म्हणाले, पोरीचं बराबर हाये, चारच दिवस. आबांनीही मान डोलावली.

माय मात्र हरखली नाही. चार दिवस धरले तरी ऑपरेशन हुकतच होतं. ती भिंतीपाशी आली. सारवण खराब केलं म्हणून आता ओरडा बसणार, असं मला वाटलं. पण तिनं क्षवर बोट ठेवलं.

"यात माझं नाव कुठं हाये?"

नाव नसतं, मी म्हणाले, नुसते खुरपणीचे दिवस असतात.

"मंग ते कुणी बी भरले तरी चालतंय?"

चालतं, गणिताला काय त्याचं.

माय आबांकडे वळली. "मंग हे चार दिवस तुम्ही खुरपा. मी सकाळच्या गाडीनं परतूरला चालले."

आमच्याकडे गडीमाणूस खुरपं हातात धरत नाही. आबांनी तोंड उघडलं, पण काका समोरच बसले होते आणि भिंतीवरचं दोघांनीही आत्ताच कबूल केलं होतं.

दुसऱ्या दिवशी माय गेली आणि आबा काकांच्या रानात गेले. संध्याकाळी परतले ते कमरेवर हात ठेवूनच. माय दुपारच्या भाकरीपर्यंत जेवढ्या ओळी काढायची, तेवढ्या त्यांच्या दिवसभरात झाल्या होत्या. ओट्यावर बसून त्यांनी भिंतीवरच्या क्षकडे बोट केलं.

"दुर्गे," ते म्हणाले, "बाईचा एक दिवस म्हंजे गड्याचे किती धरायचे गं?"

मी कोळसा शोधायला उठले.

"न्हाई, तू नको लिहू," आबा म्हणाले. "तिलाच विचारू. येऊ दे तिला."