थरथर माझी, बोल मावशींच्या पायाला

मी क्लच प्लेट बोलतेय. नाव प्लेट असलं तरी माझ्यात कोणी जेवत नाही. लहानशा ताटलीएवढी मी गोल आहे. मध्ये चार स्प्रिंगा आणि दोन्ही बाजूंना खरखरीत अस्तर. मला पाहिलेला माणूस विरळाच, कारण आमचा जन्म गाडीच्या पोटात, अंधारात जातो. आम्ही नीट वागलो तर आमचं नावही कोणी काढत नाही. माझ्या थरथरीचं नाव मात्र तीन आठवडे रोज निघत होतं, यावरून काय ते समजा.

माझं काम तसं सोपं. एका बाजूला इंजिनचं जड चाक गरगर फिरत असतं. चालवणाऱ्याने क्लचवरचा पाय उचलला, की दाबपट्टी मला त्या चाकावर टेकवते. मी जरा घसरत, जरा धरत त्याचा हात पकडते आणि गाडी हलते. माणसांनाही ओळख अशीच बेताबेताने वाढवावी लागते म्हणतात.

कारखान्यातून मी निघाले ती खोक्यात बसून. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'अस्तराला तेल-ग्रीस लागू देऊ नये'. ज्याने ते वाचायचं, त्या मेकॅनिकचा चष्मा कायम कपाळावर असे. कुठल्याही कामाला "पाच मिनिटं" म्हणायची त्याला सवय, म्हणून सगळे त्याला 'पाच मिनिटं' याच नावाने ओळखत. माणूस मात्र मायाळू होता, आणि त्याच्या मायेनेच माझा घात केला.

गाडी होती शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची. मेकॅनिक त्यांना मावशी म्हणे, म्हणून मीही तेच म्हणते. मला बसवताना ज्या दांड्यावर सरकवायचं, त्याच्या दात्यांना ग्रीसचं नुसतं बोट लावायचं असतं. पण मावशींनी याच्या मुलीचा शाळेचा गणवेश एका दिवसात शिवून दिला होता. "मावशींची गाडी, हात आखडता कशाला?" म्हणत याने भरघोस ग्रीस थापलं. गाडी फिरू लागली तसं ते ग्रीस उडालं, आणि थेट माझ्या अस्तरावर येऊन बसलं.

मग काय! मी धरायला जावं तर घसरावं, सावरावं तर एकदम पकडावं, पुन्हा घसरावं. क्षणात दहा वेळा हेच. वर गाडी अशी थरथरे, की आरसासुद्धा मान हलवायचा.

मावशी पंचावन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या होत्या, त्या थोरल्या बहिणीसाठी. ताईंचा उजवा हात आजारपणात लुळा पडला होता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मावशी त्यांना व्यायामाच्या उपचारांना नेत. थरथर सुरू झाली त्या दिवशी ताई पुढच्या सीटवर होत्या.

"अगं, गाडीला हिव भरलंय की काय?" ताई म्हणाल्या. दोघी हसल्या. मी मात्र लाजेने अर्धी झाले.

मेकॅनिक म्हणाला, "नवी प्लेट आहे मावशी, बसायला वेळ लागतो. चालवा थोडे दिवस." मावशींनी चालवली. मग त्याने इंजिनखालची रबरं बदलली. तरी तेच. शेवटी तो चाचरत म्हणाला, "राग मानू नका, पण तुमचा पाय क्लचवर राहत असेल."

त्याला तसं वाटणंही साहजिक होतं. तो गाडी तपासायचा सकाळी, ती थंड असताना, गॅरेजसमोरच्या सपाट जागेवर. थंड असताना मी शहाण्यासारखी वागे. गर्दीत तापले, की माझे गुण उधळायला लागत.

मावशींच्या मुलाने तर निकालच लावला. "आई, या वयात हे नको. ताईमावशीला टॅक्सीने पाठवू. चावी माझ्याकडे दे."

 ताई टॅक्सीने एकट्या जायच्या नाहीत, हे मावशींना ठाऊक होतं. उपचार सुटले असते, आणि नुकती हलू लागलेली बोटं पुन्हा आखडली असती. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, की बाई, दोष तुमच्या पायाचा नाही, माझा आहे. पण मला एकच भाषा येते, थरथरण्याची, आणि तिचाच सगळे उलटा अर्थ काढत होते.

मावशी त्या दिवशी चावी देते म्हणाल्या, पण आधी एक फेरी मारू. मुलाला मागे बसवलं. बाजाराच्या रस्त्याने अर्धा तास गर्दीत गाडी रखडवली, आणि इंजिन बंद न करता थेट गॅरेजपुढच्या चढावर आणून उभी केली.

"बस. आता तू चालव," त्या मेकॅनिकला म्हणाल्या.

तो बसला. त्याने पाय उचलला आणि मी मनापासून थरथरले. इतकी, की त्याच्या कपाळावरचा चष्मा घसरून नाकावर आला.

"आता हा पाय कुणाचा?" मावशींनी विचारलं.

मागच्या सीटवर मुलगा खिडकीबाहेर बघू लागला.

"तीस वर्षं पायमशीन चालवलीये मी," मावशी म्हणाल्या. "सुई कुठे थांबवायची ते माझ्या पायाला कळतं. मला एवढंच सांग, आत तेलपाणी केल्यावर चिंधी फिरवलीस का?"

"चिंधी?"

"मशीनला तेल घातलं की आम्ही आधी चिंधी शिवतो. जादाचं तेल ती पिते. नाहीतर पहिल्याच कपड्यावर डाग पडतो."

मेकॅनिकने चष्मा नाकावर नीट बसवला.  मग सवयीने म्हणाला, "पाच मिनिटं द्या मावशी."

त्या पाच मिनिटांना दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. मला बाहेर काढलं तेव्हा तीन आठवड्यांनी उजेड दिसला. माझ्या अंगावर काळ्या चकचकीत रेघा होत्या, मधून कडेपर्यंत गेलेल्या. मेकॅनिकने मला दोन्ही हातांनी मावशींपुढे धरलं.

"चूक माझी. ग्रीस जास्त झालं, आणि बोल तुम्हाला लावला. हिने ते पिऊन टाकलंय, आता धुऊनही उपयोग नाही. दुसरी बसवतो."

 मावशींनी पिशवीतून एक मऊ चिंधी काढून त्याच्या हातात ठेवली. त्याने जड चाक स्वच्छ केलं, दांडा पुसला, ग्रीसचं नुसतं बोट लावलं आणि पुन्हा चिंधी फिरवली. माझ्या जागी माझी बहीण बसली. मला वाईट वाटलं का? खरं सांगते, सुटल्यासारखं झालं. तीन आठवडे एका भल्या बाईला खोटं पाडत होते मी.

आता मी गॅरेजच्या दाराशी भंगाराच्या पिंपात आहे. उद्या-परवा भंगारवाला नेईल. नेऊ दे. वितळून पुन्हा काहीतरी होईनच. तुमच्याकडे एकच मागणं आहे. गाडी थरथरली, तर चालवणाऱ्याच्या वयाकडे बोट दाखवण्याआधी एकदा आत डोकावून बघा.

आज मंगळवार. मघाशी मावशींची गाडी त्याच चढावर थांबली होती. पुढे ताई, मागे मुलगा. तो खिडकीतून मेकॅनिकला हात करत होता. गर्दीतून आलेली, चांगली तापलेली गाडी. मी पिंपात श्वास रोखून धरला.

मावशींनी पाय उचलला. गाडी सरळ वर गेली.

"आई," मुलगा म्हणाला, "ताईमावशीला सोडून झालं की मला ऑफिसला सोडशील?"

"सोडते की. पण गप्प बसायचं, आणि माझ्या पायाकडे बघायचं नाही."