नीवेसचा आवाज आणि मी, तिचा कोट

मित्रांनो, मी एक जुना लोकरी कोट आहे. जुना असलो तरी बापुडवाणा नाही, एवढे सुरुवातीलाच सांगून ठेवतो. माझी कोपरे झिजली आहेत, गळपट्टीला कसर लागली आहे. पण मला पाहून हळहळणार असाल तर पुढे वाचू नका. मला ऐकणारे हवे आहेत.

माझा जन्म कियोज्जाचा. व्हेनिसच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी वसलेले हे कोळ्यांचे बंदर. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. पळणाऱ्या सैनिकांनी धक्क्यावर टाकलेली एक राखाडी घोंगडी आमाबिले नावाच्या मासळीवालीने उचलून आणली. ती अक्रोडाच्या सालीत उकळून तपकिरी केली आणि आपल्या मुलीसाठी, नीवेससाठी, त्यातून मला बेतले. अस्तराला कापड मिळेना. तेव्हा तिने नवऱ्याच्या होडीचे गेरूच्या रंगाचे जुने शीड कापून आत लावले.

नवरा घरी येऊन पाहतो तर शिडाला कात्री लागलेली!

"अगं, शीड कापलंस? आता काय फुंकर मारत होडी नेऊ?"

"फाटकंच होतं ते," आमाबिले म्हणाली. "आणि फुंकर मारायचीच असली तर पोरीला न्या बरोबर. तिच्या आवाजानं होडी थेट पलीकडच्या किनाऱ्याला लागेल."

हे काही खोटे नव्हते. नीवेस उंच, हाडापेराने मोठी, आणि आवाज तर असा की नांगराची साखळी दगडावरून ओढावी. पहाटेच्या गारठ्यात ती मला अंगावर चढवून धक्क्यावर उभी राहायची आणि ओरडायची, "तारल्या! ताज्या तारल्या! अजून डोळे मिचकावतायत बघा!" तो आवाज माझ्या अस्तरातून घुमत जायचा. शीड म्हणून त्या कापडाने वारा पुष्कळ सोसला होता, पण असा नाही.

एके दिवशी मिलानहून एक छायाचित्रकार आला. त्याच्याबरोबर झुळझुळीत कपडे घातलेली एक मॉडेल होती. समुद्राच्या वाऱ्याने ती इतकी कुडकुडली की तिला कॉफी पाजायला आत न्यावे लागले. हताश होऊन तो धक्क्यावर फिरू लागला आणि नीवेससमोर थबकला.

"ए मुली, जरा इकडं बघ."

"बघते की. तारल्या किती देऊ?"

"तारल्या नकोत. फोटो काढायचाय तुझा."

"तारल्या घ्या, मग बघते."

बिचाऱ्याने एका हातात मासळीची पुडी धरून फोटो काढला. तो एका मोठ्या मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. वाऱ्याने विस्कटलेले केस, रोखलेले डोळे, आणि हनुवटीपर्यंत ओढलेली माझी गळपट्टी. खाली छापले होते, 'व्हेनिसची सागरकन्या'. गावात त्यावरून केवढा गहजब झाला! धक्क्यावरच्या खानावळीत नीवेसच्या बापाने मासिक टेबलावर आपटले. "व्हेनिसची? कधीपासून? आजवर आमची मासळी नेली, आता पोरीसुद्धा नेणार काय हे?"

पण पोरीला खरोखरच बोलावणे आले. तोरिनोच्या एका नामांकित कपड्यांच्या पेढीत उंच मुली हव्या होत्या. पेढीची मालकीण मादाम रेव्हेल्ली. तिने नीवेसला चालायला लावले, वळायला लावले, आणि समाधानाने मान हलवली. मग नीवेस म्हणाली, "जमलं का, बाई?" तिचा तो खरखरीत आवाज ऐकताच मादामच्या हातातून टाचण्या पडल्या.

"खांदे छान. चाल छान," मादाम म्हणाली. "तोंड मात्र बंद. इथं कपडे बोलतात. मुली नाही."

अशी माझी नीवेस मॉडेल झाली. दिवसभर रेशमी झगे अंगावर वागवत ती श्रीमंत बायकांपुढून फिरायची. मी मागच्या खोलीत टांगलेला असायचो आणि मनात म्हणायचो, मी खुंटीला टांगलेला, आणि नीवेस स्वतःच खुंटी झालेली. एकदा एका गिऱ्हाईक बाईने विचारले, "या कापडाला सुरकुत्या पडतात का?" नीवेसला राहवले नाही. "बसलात की पडणार. जन्मभर उभ्या राहणार असाल तर खुशाल घ्या." ती बाई खो खो हसली आणि झगा घेऊन गेली. तरीही मादामने नीवेसला फैलावर घेतलेच. झगा खपला हे तिला चालले, पण मुलीने खपवला हे चालले नाही.

हळूहळू नीवेसचा चेहरा साबणाच्या, मद्याच्या, टंकयंत्रांच्या जाहिरातींवर दिसू लागला. रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर ती हसत उभी असे. असेच एक भित्तिचित्र पाहून रोमहून ग्वालदी नावाच्या निर्मात्याने तिला बोलावले. त्याला चित्रपट काढायचा होता, आणि तोही होडीच्या मालकाशी भांडणाऱ्या एका मासळीवालीवर! नीवेसला वाटले, आता तरी तोंड उघडायला मिळणार.

चित्रीकरण सुरू झाले. त्या काळी आमच्याकडे पडद्यावरचे बोलणे मागाहून, वेगळ्या खोलीत भरत. त्यामुळे चित्रीकरणाच्या वेळी कुणी काहीही पुटपुटले तरी चाले. पण नीवेस जीव ओतून बोलली. भांडणाच्या प्रसंगात तिने मालकाच्या डोळ्याला डोळा भिडवून वाक्य फेकले, तेव्हा दिवे धरणारे लोक काम विसरून बघत राहिले. मी कडेच्या खुर्चीवर पडलो होतो. माझे अस्तरसुद्धा शहारले.

पुढे चित्रपटात आवाज भरायचे काम सुरू झाल्याचे तिच्या कानावर आले. आपल्याला निरोप आला नाही, तो कुठेतरी राहिला असेल, असे समजून ती मला अंगावर घालून तिथे गेली. दार ढकलले. आत अंधार होता. समोर पडद्यावर तिचेच तोंड हलत होते आणि त्या तोंडातून मधाळ, घोटीव, भलताच आवाज बाहेर पडत होता. माइकसमोर जाड चष्म्याची, बुटकी, लठ्ठशी एक बाई उभी होती.

"थांबवा!" नीवेस ओरडली. "ती मी आहे!"

ग्वालदी मागच्या खुर्चीत बसला होता. "बरोबर. चेहरा तुझा, आवाज एल्दाचा. दोघींची मिळून एक गोड मुलगी होते. भांडतेस कशाला?"

"माझ्या तोंडात दुसरीची जीभ घातलीत, साहेब!"

"तुझी जीभ ऐकली तर मिलानमध्ये लोक नाकाला रुमाल लावतील. मासळीचा वास येतो तिला."

"मग चित्रपट काय अत्तरवालीचा आहे?"

कुणीतरी फिसकन हसले. ग्वालदी मात्र हसला नाही. त्याने तिला बाहेर घालवले.

थोड्या वेळाने ती चष्मेवाली एल्दा बाहेर आली. नीवेस तिच्यावरच तुटून पडली. "लाज नाही वाटत? दुसऱ्याच्या तोंडून बोलता!"

एल्दाने चष्मा काढून पुसला. "लाज? पोरी, मी नाटकात काम मागायला गेले तेव्हा मला सांगितलं, आवाज राणीचा आहे पण अंग स्वयंपाकिणीचं. तेव्हापासून मी अंधारात उभी राहते आणि तुझ्यासारख्या देखण्या बायकांच्या तोंडून बोलते. माझ्या हुंदक्यांवर अख्खी थिएटरं रडलीयत. पण रस्त्यात मला एक कुत्रं ओळखत नाही. तुझा आवाज कापला, माझा चेहरा कापला. आता लाज कुणाला वाटायला हवी ते तूच सांग."

 नीवेस बाकावर बसली. एल्दाही शेजारी बसली. तिने पिशवीतून भाजलेले चेस्टनट काढले आणि त्यातले निम्मे नीवेसच्या, म्हणजे माझ्या, खिशात ओतले. त्यांची ऊब मला अजून आठवते.

"बाई, पडद्यावर तुमचं नाव येतं का?" नीवेसने विचारले.

"आवाजाला कुठलं नाव?" एल्दा म्हणाली.

चित्रपट तयार झाला. वार्ताहरांना दुपारी एका बड्या हॉटेलात जेवायला बोलावले होते. ग्वालदीने नीवेसला पांढराशुभ्र फरचा कोट पाठवला आणि बजावले, "नुसतं हसायचं. बोलेन मी." नीवेसने तो फर घडी न मोडता परत खोक्यात ठेवला आणि मला अंगात घातले. मित्रांनो, त्या क्षणी मी किती फुगलो म्हणून सांगू! वाटेत ती एल्दाच्या घरी गेली आणि तिचा हात धरून तिला बरोबर घेऊन आली. दरवानाला वाटले, मावशी असेल.

जेवण आटोपले. एका वार्ताहराने विचारले, "काय गोड आवाज आहे आपला! गाणं शिकलात का?"

ग्वालदीने घाईघाईने तोंड उघडले, पण नीवेस उठली. ती थेट मागच्या खांबापाशी गेली आणि एल्दाला घेऊन पुढे आली. एल्दाची बोटे माझ्या बाहीत रुतली होती. 

"गोड आवाज यांचा आहे," नीवेस म्हणाली. "यांचं नाव एल्दा. त्याबद्दल काय विचारायचं ते यांना विचारा. माझा आवाज हा असा आहे, आणि तो या चित्रपटात कुठंच नाही."

 मग एल्दाने चष्मा सावरला आणि चित्रपटातले एक प्रेमाचे वाक्य हलकेच म्हटले. लोक एकदा त्या बुटक्या बाईकडे, एकदा नीवेसकडे पाहत राहिले. एक म्हातारा वार्ताहर तर उभाच राहिला. "अहो, हा आवाज मी कित्येक वर्षं ऐकतोय!"

दुसऱ्याने नीवेसला विचारले, "मग तुमच्या आवाजात काय ऐकायचं राहिलं?"

नीवेसने ग्वालदीकडे पाहिले आणि चित्रपटातल्या मालकाला सुनावलेले ते वाक्य खणखणीत टाकले. "होडी तुमची असेल, मालक. वारा तुमच्या बापाचा नाही!"

पेले किणकिणले. कुणी हसले, कुणी टाळ्या पिटल्या. ग्वालदी जवळ येऊन दातओठ खात म्हणाला, "आज तू स्वतःचीच होडी बुडवलीस, मुली."

"बुडू द्या. मला पोहता येतं."

पोहावे मात्र पुष्कळ लागले, हे लपवणार नाही. चित्रपट एल्दाच्याच आवाजात लागला आणि चाललाही. ग्वालदीने नीवेसशी केलेला करार मोडला. बाकीच्या निर्मात्यांनी दारे लावून घेतली. एल्दालाही आवाजाचे काम मिळेना. तो हिवाळा नीवेसने रेनकोटांच्या जाहिरातींवर काढला. नळाच्या पाण्याखाली उभे राहून हसायचे, हे तिचे काम. संध्याकाळी ती एल्दाच्या स्वयंपाकघरात यायची. मक्याच्या पिठाची घट्ट पोलेंता दोघी एकाच ताटात खायच्या.

"बाई, माझ्यामुळं तुमचं काम गेलं," एकदा ती म्हणाली.

"तुझ्यामुळं?" एल्दा उसळली. "हात तू धरलास, पण पाय माझेच होते ना? चालत आले मी! ऊठ आता. श्वास घे. घशातून नको, बरगड्यांतून. आणि ती खरखर घासून काढू नकोस. ती तुझी आहे."

वसंत ऋतूत त्रिएस्तेहून एक किडकिडीत दिग्दर्शक आला. मासळी डब्यात भरणाऱ्या बायकांच्या संपावर त्याला चित्रपट करायचा होता. हॉटेलातल्या त्या दुपारची हकिकत त्याने वर्तमानपत्रात वाचली होती. "मला तो वाऱ्याचा आवाज हवा आहे," तो म्हणाला. नीवेसने अट घातली. "आवाज माझाच, आणि एल्दाबाईंना काम." त्याने चुलीपाशी उभ्या असलेल्या एल्दाकडे निरखून पाहिले.

"बाई, कॅमेऱ्यासमोर उभ्या राहाल?"

"माझं अंग स्वयंपाकिणीचं आहे, साहेब."

"उत्तम! संपातल्या बायकांना जेवू घालणारी स्वयंपाकीणच मला सापडत नाहीये."

एल्दा मटकन खाली बसली आणि तोंडावर पदर ओढावा तसा तिने एप्रन ओढून घेतला. रडताना तिचा आवाज मुळीच राणीसारखा नव्हता.

तो चित्रपट कियोज्जाला लागला, त्या दिवशी बाजार ओस पडला. बायका टोपल्यांसकट थिएटरात शिरल्या. पडद्यावर नीवेस कारखान्याच्या फाटकावर चढून ओरडली तेव्हा सगळे थिएटर तिच्याबरोबर ओरडू लागले. तेव्हा आमाबिले खुर्चीवर उभी राहिली. तिने सगळ्यांना दम भरला, "गप बसा गं! माझी पोरगी बोलतीय!" आणि सगळे चिडीचूप झाले.

मोठ्या शहरांत काहींनी तोंडे वाकडी केली. एका वर्तमानपत्राने लिहिले, 'मासळीबाजारातला आवाज'. नीवेसने ते कात्रण आरशाला लावले. पुढे ती मोठी तारका झाली असे मी म्हणणार नाही. कामे मिळाली, कामे हुकली. पण ज्या ज्या चित्रपटात ती दिसली, त्यात तीच बोलली.

पुढच्या थंडीत तिने मला एल्दाला दिले. ती बुटकी, म्हणून मी जमिनीवर लोळू लागलो. एल्दाने नीवेसला विचारले आणि मला खालून कापले. मला दुखले नाही. जो आपला होऊन विचारतो, त्याच्या कात्रीचे काही वाटत नाही. एल्दा गेली तेव्हा तिच्या भाचीने मला ट्रंकेत टाकले. कित्येक वर्षे उजेड नाही, वारा नाही. कसर सुखाने जेवत होती. आता भाचीच्या नातवंडांनी मला बाहेर काढले आहे, आणि मला फेकायचे की ठेवायचे यावर घरात वाद चालू आहे. खुशाल चालू दे. मी माझ्या बाजूने बोललो.

मित्रांनो, जुन्या कपड्यांना वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा. ट्रंकेतल्या अंधारात चांगली लोकरसुद्धा खलास होते. आणि माणसांचे एक सांगतो. चित्रपट संपला की दिवे लागतात, लोक ढकलाढकली करत दाराकडे धावतात. तुम्ही बसून राहा. पडद्यावर भराभर सरकणारी बारीक नावे वाचा. त्यातल्या कुणीतरी अंधारात उभे राहून तुम्हाला रडवलेले असते. एखादे नाव मोठ्याने उच्चारा. शेजारचा वैतागला, तर त्याला आणखी एक नाव ऐकवा.