पनवेलचा फ्लॅट, तत्त्वतः मंजूर

नझीरभाईंनी पनवेलचा फ्लॅट पंच्याण्णव साली कर्ज काढून घेतला. त्या वर्षी भाव असे चढत होते की न घेणारा मूर्ख ठरत होता. अठ्ठ्याण्णवपर्यंत घेणारे मूर्ख ठरले. फ्लॅट विकून आलेले सगळे पैसे बँकेला दिले असते, तरी कर्ज उरलंच असतं. अशा वेळी बँकेला म्हणावं लागतं, येतील तेवढे द्या, बाकीचं सोडलं. तसं म्हटलं की फ्लॅट आम्ही घेणार होतो. बँकेने ते जानेवारीतच म्हटलं होतं, पण तत्त्वतः. लेखी यायचं होतं.

आम्हाला घाई होती. माझ्या नवऱ्याचं, सुयोगचं, कॉन्ट्रॅक्ट त्याच्या बहरैनमधल्या कंपनीने वाढवलं नव्हतं आणि जूनअखेर व्हिसा संपत होता. माझा व्हिसा त्याच्या व्हिशाला जोडलेला, त्यामुळे पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतली माझी नोकरीही संपणार होती. तोवर फ्लॅट झाला नाही तर मुक्काम चिपळूणला, मोठ्या दिरांकडे. जाऊबाईंनी, म्हणजे सुनीतावहिनींनी, आमच्यासाठी माळा झाडून ठेवला होता.

"भक्ती, तुझी पुस्तकं तिथेच कुणाला देऊन ये हो," त्या फोनवर म्हणाल्या. "माळ्यावर उंदीर आहेत. त्यांना केमिस्ट्री कळत नाही."

नझीरभाईही बहरैनमध्येच असत आणि दर शुक्रवारी आमच्या अदलिया भागातल्या भाड्याच्या घरी चहाला येत.

"वहिनी, या हप्त्यात इंशाल्ला."

"मागच्या हप्त्यातही हेच म्हणालात."

"तोच इंशाल्ला आहे. अजून संपला नाही."

बँकेच्या साहेबांना आधी फ्लॅटचं नवं मूल्यांकन हवं होतं. ते आलं तेव्हा मार्च लागला होता, आणि मार्चमध्ये बँका फक्त स्वतःचे हिशेब बघतात. एप्रिलमध्ये साहेबांची बदली झाली. नवे साहेब फाइल समजून घेऊ लागले आणि समजण्यासाठी त्यांनी पुन्हा मूल्यांकन मागवलं. मी एकाच नमुन्याची दोन वेगळी उत्तरं दिली तर मला घरी पाठवतील. बँकेत त्याला प्रक्रिया म्हणतात.

बँकेत खेपा घालायचं काम नझीरभाईंचा मेहुणा अझहर करत होता. तो पनवेललाच असे. एका शुक्रवारी नझीरभाईंनी आमच्याच घरून त्याला फोन लावला. लाइन खरखरत होती. थोडं ऐकून त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"खलास, वहिनी. बँकेचं खलास झालं."

बहरैनमध्ये यापेक्षा गोड शब्द नाही. बिल भरलं, खलास. शिक्का मिळाला, खलास. मी मिठाई आणली. सुयोगने घरमालकाला नोटीस दिली. फ्रिज, कपाटं, पडदे आणि 'कुवेसकर' लिहिलेली नवी पाटी, सगळं जहाजाने अझहरच्या पत्त्यावर रवाना झालं.

मे उलटत आला तरी मंजुरीच्या पत्राची प्रत काही येईना. शेवटी मीच अझहरला फोन केला.

"कसलं पत्र, वहिनी? मी भाईंना सांगितलं ना, खलास झालं म्हणून."

"म्हणजे काम झालं ना?"

"मेलं. नव्या साहेबांनी फाइल बंद केली."

अझहरने कधी गल्फमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं.

"खलास म्हणजे झालं," नझीरभाई संध्याकाळी अजूनही म्हणत होते.

"पनवेलमध्ये नाही," मी म्हणाले.

"मग सामान कुठाय?" सुयोगने विचारलं.

सामान फ्लॅटमध्ये होतं. फ्लॅट अजून नझीरभाईंचाच आणि रिकामा, म्हणून अझहरने ते तिथेच नेऊन लावलं होतं. सामान आलंय म्हणजे लावायचंच, असं समजून मन लावून लावलं होतं. पडदे टांगले, फ्रिज चालू केला, दारावर पाटीही ठोकली. आमचं घर सोडून आमचं सगळं त्या घरात होतं.

फाइल बंद केल्यावर बँकेने वसुलीसाठी आपला माणूस पनवेलला पाठवला. त्याने पडदे पाहिले, पाटी वाचली, वॉचमनला विचारलं. वॉचमन म्हणाला, कुवेसकरांचं आहे, गल्फवाले. नझीरभाईंनी गुपचूप भाडेकरू घुसवले, असा त्या माणसाने निष्कर्ष काढला. भाडेकरू काढायला कोर्टात जावं लागतं, आणि तिथला निकाल बघायला साहेब नोकरीत उरले नसते. दोन महिने समजून घ्यावी लागलेली फाइल त्यांना एका दुपारी समजली. मंजुरी जूनच्या मध्याला सुयोगच्या ऑफिसात फॅक्सने आली.

त्याने ती घरी आणून मला आणि नझीरभाईंना मोठ्याने वाचून दाखवली.

"'सदर सदनिकेत अनधिकृतपणे राहणाऱ्या कुवेसकर नामक कुटुंबास बाहेर काढण्याची संपूर्ण जबाबदारी खरेदीदार श्री. कुवेसकर यांची राहील.'"

तो थांबला. "दोन्ही नावं एकाच वाक्यात आहेत गं."

"टायपिस्टने वाचलं असेल," मी म्हणाले. "साहेबांनी कशाला वाचावं?"

"वहिनी, विचार करा," नझीरभाई गंभीरपणे म्हणाले. "अशी माणसं लवकर निघत नाहीत."

बँकेला चूक कळवावी, असं मला चहा संपेपर्यंत मनापासून वाटलं. पण कळवलं असतं तर साहेबांनी तिसरं मूल्यांकन मागवलं असतं. मी सुयोगला पेन दिलं.

व्हिसा संपायच्या आधी आम्ही पनवेलला पोचलो. अझहरने किल्ली दिली आणि कुवेसकरांना बाहेर काढण्यासाठी आम्ही आत गेलो.