गाणारा कधी येणार?

मित्रांनो, मला जुना म्हणा, हरकत नाही; पण अडगळ म्हणू नका. मी एक रेकॉर्ड प्लेअर आहे, आणि माझी सुई अजून तरण्याताठ्यांना लाजवील अशी चालते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे जाड चष्म्याची एक कारागीर बाई बारीक चिमट्याने आमच्या दांडीत सुई बसवायची. माझी सुई बसवून झाल्यावर तिने तिच्यावर हलकी फुंकर घातली आणि म्हणाली, "जा, नीट वाज." एवढ्या आशीर्वादावर मी जगात आलो. पुढे एका नृत्यशाळेत माझी चांगलीच चंगळ झाली. पन्नास पावले माझ्या तालावर पडायची, आणि कौतुकाने मी जरा शेफारलोही होतो. मग माझ्याहून चकचकीत यंत्र आले आणि माझी रवानगी जिन्याखाली, रंगाच्या डब्यांशेजारी झाली. गरज सरो, वैद्य मरो! माझ्या अंगावर लोक ओले ब्रश वाळत ठेवायचे. ती वर्षे मी मोजली नाहीत.

शेवटी जुन्या बाजारातून मला काकूंनी उचलले. काकू म्हणजे आमच्या टेलर मास्तरांची बायको. अख्खी गल्ली त्यांना काकूच म्हणते.

मास्तरांची गोष्ट मला दुकानात आल्यावर कळली. हातात कापड आणि तोंडात गाणे, अशी त्यांची जन्माची सवय. बाही लावायची असली की संथ गाणे, सरळ शिलाई असली की उडते. मग घशाचे ऑपरेशन झाले. जीव वाचला, पण आवाज पार घोगरा झाला. बोलायला गेले की अर्धा आवाज आणि अर्धी हवा. मास्तरांना त्याची इतकी लाज वाटू लागली की त्यांनी बोलणेच सोडले. जे सांगायचे ते शिवणाच्या खडूने कापडाच्या तुकड्यावर लिहीत. रेडिओवर कुणी गायला लागले की उठून बाहेर जात. गाणे गेले आणि हाताचा तालही गेला. शिलाई वाकडी येऊ लागली. एके दिवशी त्यांनी काळ्या कापडावर लिहिले, "दुकान बंद करू या."

काकूंनी तो तुकडा चुरगळला आणि तडक बाजार गाठला. त्यांचा हिशेब सरळ होता. ओळखीची गाणी ऐकून यांना त्रास होतो ना, मग अनोळखी गाणी आणू! माझ्यासोबत विकणाऱ्याने एक तबकडी दिली होती. पाकिटावर 'जॅझ' असे काहीसे लिहिलेले, आणि पितळी वाकडे वाद्य धरलेला एक गलेलठ्ठ माणूस. काकूंना वाटले, हाच गाणारा.

मी वाजू लागलो. पियानोचे थेंब पडू लागले, जाड तारांचे बास वाद्य सावकाश पावले टाकू लागले, ढोलावर तारांचा ब्रश फिरू लागला. काकू खुर्ची ओढून कान टवकारून बसल्या. पाच मिनिटे गेली. दहा गेली.

"अगं बाई! नमनालाच घडाभर तेल चाललंय," त्या म्हणाल्या. "गाणारा कधी येणार?"

मला सांगता येईना. माझे तोंड म्हणजे तबकडीत असेल तेवढेच. काकूंनी चहासुद्धा ठेवला नाही, न जाणो, नेमका तेवढ्यात तो गायला लागायचा. बाजू संपली. टक्, टक्, टक्.

"आलाच नाही की हो!" काकू म्हणाल्या.

मास्तरांचे खांदे हलत होते. ते हसत होते, आवाज न करता, पण डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनी खडू उचलला. "गाणारा नाहीच. दुसरी बाजू लाव."

त्या दिवशी मास्तर उठून बाहेर गेले नाहीत.

काकूंना मात्र हे संगीत पचेना. "मला तर सगळा गोंधळच वाटतो. कुठून ऐकायचं हे?" मास्तरांनी लिहिले, "एका वेळी एकच धागा धर." शिवण शिकवतानाही ते हेच सांगत. मग पहिल्या दिवशी काकूंनी फक्त बास ऐकला, शिलाई मशीनच्या पॅडलवर पाय हलवत. दुसऱ्या दिवशी ब्रश. "हा तर अंगण झाडतोय!" तिसऱ्या दिवशी पियानो. मित्रांनो, मी एवढ्या वर्षांत असे मन लावून ऐकणारे माणूस पाहिले नव्हते. मी खूष होतो.

चौथ्या दिवशी पाळी आली त्या पितळी वाकड्या वाद्याची, सॅक्सोफोनची. काकू माझ्याजवळ कान आणून ऐकत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "अहो, याचाही घसा बसलाय! मधेमधे नुसती हवा येतेय. पण किती बरं वाटतं ऐकायला!"

मास्तरांची कात्री थांबली. ते उठले, माझी दांडी अलगद उचलली आणि सुई पुन्हा त्याच जागी ठेवली. एकदा नव्हे, तीनदा.

त्या आठवड्यात शिलाई सरळ येऊ लागली. "दुकान बंद" हा विषय पुन्हा निघाला नाही, पण मास्तर बोललेही नव्हते.

मग एका सकाळी हॉस्पिटलातल्या नर्सबाई कोट घालून बघायला आल्या. मी नेहमीचीच तबकडी वाजवत होतो. त्या आरशासमोर दोनदा वळल्या, मग माझ्याकडे कान देऊन म्हणाल्या, "मास्तर, गाणारा कधी येतो हो यात?"

"आलाय की," मास्तर म्हणाले. "तो काय, गातोय!"

घोगरा आवाज, निम्मी हवा. आतल्या खोलीत काकूंच्या हातून बटणांचा डबा पडला आणि बटणे दुकानभर पळाली. काकू ती गोळा करत रडत होत्या आणि हसतही होत्या. नर्सबाई म्हणाल्या, "मास्तर, बटणं राहू द्या, आधी कोटाचं सांगा. खांद्यात घट्ट होतोय का?" आणि मास्तरांनी सांगितले, चांगली पाच मिनिटे.

म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनंती. माझ्यावरची धूळ मऊ फडक्याने पुसा, सुई अलगद ठेवा. असले शांत संगीत पहिल्यांदा ऐकाल, तेव्हा गाणाऱ्याची वाट बघत बसू नका, एकच धागा धरा. आणि कुणाचा आवाज बसला म्हणून त्याला जिन्याखाली ठेवू नका.

आत्तासुद्धा तबकडीची बाजू केव्हाच संपली आहे आणि मी नुसता टक् टक् करतो आहे. पण मास्तर बाही लावता लावता गुणगुणत आहेत, त्यामुळे हे कुणाच्या लक्षातच आलेले नाही.