साडूपेक्षा अर्धा इंच वर

काचवाला साडूच्या पिकअपखाली पाठीवर आडवा होऊन टेप लावत होता, तेवढ्यात त्याला बायकोच्या चपला दिसल्या.

"अहो, जेवून उठलात ते गाडीखाली काय शिरलात?"

"नाणं पडलं," तो आतूनच म्हणाला.

"आणि नाणं शोधायला बाबांची टेप लागते?"

तिचे बाबा जन्मभर शिलाई मशीनवर बसलेले शिंपी. टेप त्यांचीच, त्यांच्याच घरातल्या खुंटीवरून हळूच काढलेली. काचवाला सरपटत बाहेर आला. बायकोने त्याच्या पाठीवरची माती झटकली, जरा जोरातच झटकली.

"एवढं काय ते विचारलं असतंत, तर सांगितलं असतं त्यांनी."

विचारायचं? साडूला? त्यापेक्षा आपणच आपलं नाक कापून त्याच्या हातात द्यावं!

दुखणं महिन्याभराचं होतं. साडू, म्हणजे धाकट्या मेव्हणीचा नवरा, शेतांवर पंप बसवायची कामं करायचा. वाटा सगळ्या दगडधोंड्यांच्या, म्हणून त्याने पिकअप जमिनीपासून उचलून उंच करून घेतली आणि खाली हे भले मोठे टायर घातले. ठीक आहे, घातले. पण मग काचवाल्याची बायको एकदा बहिणीबरोबर त्या गाडीतून घरी आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "काय मस्त वाटतं हो! वरून सगळं दिसतं." ती एकदाच म्हणाली. काचवाल्याने ते रोज ऐकलं.

तेही त्याने गिळलं असतं. पण सासरेही हसत हसत म्हणाले, "धाकटे जावई आले की गल्लीत रणगाडा शिरल्यासारखं वाटतं!" ते मात्र त्याला गिळवेना. कारण सासरे त्याचे होते. दर मंगळवारी त्यांच्या पायाची जखम धुऊन पट्टी बदलायला दवाखान्यात न्यायचं काम त्याचं. त्याच्या काचांच्या पिकअपमध्ये शेजारच्या सीटवर एक छोटी गादी असायची, कोटांच्या उरलेल्या कापडांतून सासऱ्यांनी स्वतः शिवलेली. त्या गादीला पाठ टेकली की म्हातारा बोलायला लागायचा. मुलींना जे कधी सांगितलं नाही, ते त्याला सांगायचा. दवाखान्यातल्या नर्सला दर वेळी नव्याने ओळख करून द्यायचा, "हे माझे थोरले जावई." नर्स दर वेळी म्हणायची, "माहितीये हो आजोबा." काचवाल्याचा बाप लहानपणीच गेलेला. ते "थोरले जावई" ऐकायला तो आठवडाभर काचा वाहायचा म्हणा ना. आणि आता हा रणगाडा आला. उद्या मंगळवारही घेऊन जाईल!

"किती उचलायची?" गॅरेजच्या मिस्त्रीने विचारलं.

"माझ्या साडूची आहे ना, तिच्यापेक्षा अर्धा इंच वर."

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला आणि पोट धरून हसला. "अरे बाबा, आधी टायर ठरव, मग उंची ठरते. टायर पूर्ण वळला तरी मडगार्डला घासायला नको. टोपी घेऊन मग डोकं शोधत नाहीत. वाहतोस काय?"

"काचा."

"काचा! आणि रस्ता डांबरी! पंपवाल्याचं समजू शकतो मी. तुझी गाडी उचलली की वळणावर डोलणार, आणि काच वर चढवताना तुझेच खांदे निखळणार. माझं ऐक, टायर एक नंबर मोठे घे, मागे स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे टाकू, पुढे स्प्रिंगवर तेवढेच. दोन इंच. गाडी शोभेल आणि अंगावरही येणार नाही."

"साडूची चार आहे."

"गॅरेजमध्ये गाडी आलीय का साडू आलाय?"

काचवाला हसला नाही. मिस्त्रीने मान हलवली. गिऱ्हाईक हट्टाला पेटलं की त्याला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे त्याला ठाऊक होतं. "बरं, पाटे नि स्प्रिंगा नव्याच घालू मग, एवढ्या उंचीला ठोकळ्यांचं काम नाही. शेजारी कोण बसतं?"

"सासरे. त्यांच्यासाठीच तर चाललंय."

"म्हणजे म्हातारं माणूस. मग एक पायरी लावून देतो दाराखाली."

"नको. साडूच्या गाडीला नाहीये. मी खाली झोपून बघितलंय."

सोमवारी संध्याकाळी गाडी मिळाली. बायकोलासुद्धा दाखवली नाही, पहिला मान सासऱ्यांचा. मंगळवारी सकाळी त्याने सासऱ्यांच्या दारात उगाचच दोनदा हॉर्न वाजवला.

सासरे काठी टेकत बाहेर आले. गाडी पाहिली, मान वर करून पुन्हा पाहिली. "अरे वा, जावईबापू! तुम्हीपण?"

"बसा मामा. वरून सगळं दिसतं."

सासऱ्यांनी दाराची कड धरली. पाय उचलला. पट्टीचा पाय नाहीच आला तिथवर. मग दुसरा उचलला, तर सगळा भार दुखऱ्या पायावर आला आणि त्यांच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. काचवाला धावला. त्यांच्या काखेत हात घालायला वाकला.

"नको," सासरे म्हणाले. "मला उचलून ठेवायची वेळ अजून आलेली नाही."

"मामा, फक्त आजच्या दिवस. उद्याच पायरी बसवून घेतो."

"बसवा की. पण डॉक्टर थांबणार नाहीत." ते ओट्यावर बसले. कपाळावरचा घाम त्यांनी धोतराच्या टोकाने पुसला. "धाकट्यांना फोन लावा. ते इकडेच कुठेतरी कामावर आहेत."

फोन काचवाल्यानेच लावला. काय करणार, मनात कितीही जळलं तरी नंबर त्याच्याकडेच होता.

साडू लगेच आला. हातांना ग्रीस, कपाळावर धूळ. काचवाल्याच्या गाडीकडे पाहून तो मनापासून म्हणाला, "दादा, झकास दिसतेय!" त्या बोलण्यात टोमणा असता तरी बरं वाटलं असतं. मग तो वळसा घालून डाव्या दाराशी गेला आणि खालचा एक खटका ओढला. लोखंडी पायरी अलगद खाली आली, जमिनीपासून वीतभर.

"ही कधी बसवलीस?" काचवाल्याने विचारलं.

"पहिल्याच दिवशी. म्हटलं, मामांना कधी न्यायची वेळ आली तर."

टेप लावली त्या दिवशी सासऱ्यांकडे जेवायला आला होता तेव्हा साडूने गाडी डाव्या अंगाने भिंतीला चिकटवून लावली होती. काचवाल्याने सगळी मापं ड्रायव्हरच्या बाजूने घेतली होती. बायको याच पायरीवरून चढली असणार. तिला विचारावं असं त्याला सुचलंही नव्हतं.

सासरे एका हाताने दार धरून पायरीवर चढले, आणि बसले. कुणी हात लावला नाही. मग खिडकीतून काचवाल्याकडे बघत ते हळू आवाजात म्हणाले, "टेपला ग्रीस लागलं होतं. पुसून ठेवली मी. मापं दोन्ही बाजूंनी घ्यायची असतात, जावईबापू. माणसाचे खांदेसुद्धा सारखे नसतात."

काचवाल्याला वाटलं, जमीन दुभंगावी. तो वळला. आपल्या गाडीत चढला, ती गादी काढली, झटकली आणि साडूच्या गाडीच्या खिडकीतून आत दिली.

"कमरेशी ठेव त्यांच्या, पाठीशी नको," तो साडूला म्हणाला. "बाजाराच्या वळणावर हळू घे, पाय हिंदकळतो. आणि दवाखान्यात आत जा त्यांच्याबरोबर, पट्टी सोडताना. ते नको म्हणतात, तरी जा."

"पुढच्या मंगळवारी तुम्ही या हं," सासरे म्हणाले. "पायरी झाली तर."

"हो मामा."

"नाहीतर हे आहेतच. यांच्या वाटेवरच पडतं."

गाडी गेली. काचवाला आपल्या गाडीत चढून बसला. शेजारची सीट मोकळी होती. त्याने गाडी सुरू केली नाही. समोर रिक्षा, मोटारी, टेम्पो यांची गर्दी होती, आणि त्या सगळ्यांच्या टपांवरून त्याला साडूची पिकअप अगदी बाजाराच्या वळणापर्यंत स्पष्ट दिसत होती. तिची मागची काच त्यानेच बसवून दिली होती. त्या काचेतून सासऱ्यांचं पांढरं डोकं साडूकडे कललेलं दिसत होतं, हात हलत होता. ते त्याला काहीतरी सांगत होते.

वरून खरंच सगळं दिसत होतं.